बीएक्सचे रिटर्न पाईप

सिट्रोएन या फ्रेंच कंपनीच्या गाड्यांच्या हायड्रॉलिक सस्पेन्शनचा विषय निघाला की सगळे गोळ्यांबद्दल बोलतात. नायट्रोजन भरलेले गोळे, १७० बारपर्यंत प्रेशर देणारा पंप, सीटशेजारच्या दांडीनं गाडी वर-खाली होणं. मला मात्र लिहायचंय ते रिटर्न पाईपांबद्दल, म्हणजे तेल टाकीत परत नेणाऱ्या पाईपांबद्दल. त्यांच्यात प्रेशर जवळजवळ नसतंच आणि सगळ्या सिस्टिममध्ये त्यांच्याइतकी स्वस्त वस्तू दुसरी नाही. पण ते गेले की गाडी दारात तेल गाळत उभी राहते. माझ्या सिट्रोएन बीएक्स गाडीचे असे सगळे काळे रबरी पाईप मी या हिवाळ्यात बदलले. हे काम कोल्हापुरात बसून किती नीट होतं हे कळलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

बीएक्स १९८२ साली बाजारात आली आणि १९९४ पर्यंत बनत होती. जगात २३ लाखांहून जास्त विकल्या गेल्या, पण आपल्याकडे पोचल्या त्या कुणी परदेशातून परतताना सोबत आणल्या तेवढ्याच. आमची मामांनी इंग्लंडहून आणली. त्यांच्यामागं मामींनी ती माझ्याकडं सोपवली, "तूच सांभाळशील" एवढंच म्हणून. गोकुळ शिरगावात माझं छोटं मशीन शॉप आहे, त्यामुळं पाना हातात घ्यायला मला कुणाला विचारावं लागत नाही.

आधी यंत्रणा समजून घेऊ, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. या गाडीला कॉईल स्प्रिंगही नाही आणि पाटेही नाहीत. प्रत्येक चाकाला एक हायड्रॉलिक सिलिंडर आणि त्याच्या टोकाला एक लोखंडी गोळा. गोळ्यात रबरी पडदा असतो, त्याच्या एका बाजूला नायट्रोजन आणि दुसऱ्या बाजूला तेल. चाक उंचवट्यावर चढलं की तेल पडद्यावर रेटतं आणि गॅस दबतो. स्प्रिंगचं काम तो गॅस करतो. पॉल माजेस या माणसानं ही कल्पना सिट्रोएनमध्ये तडीस नेली. १९५४ साली ती फक्त मागच्या चाकांना लावून बघितली आणि १९५५ साली डीएस या गाडीत चारही चाकांना आली.

आता रिटर्नचं. सिलिंडरमधला पिस्टन कितीही चोख बसवला तरी त्याच्या कडेनं थोडं तेल निसटतं. ते निसटावं अशीच रचना आहे, कारण त्यानंच पिस्टनला वंगण मिळतं. हे तेल सिलिंडरच्या तोंडावरच्या रबरी बुटात जमतं आणि तिथून बारीक पाईपनं तेलाच्या टाकीत परत जातं. हाईट करेक्टर (गाडीची उंची राखणारा व्हॉल्व्ह), ब्रेकचा व्हॉल्व्ह, प्रेशर रेग्युलेटर या प्रत्येकाचा असा एकेक परतीचा पाईप आहे. पुढच्या बाजूला, सबफ्रेमलगत (इंजिनाखालच्या लोखंडी सांगाड्यालगत), यातले बरेचसे एका रबरी जोडात येऊन मिळतात. त्याला बरेच फाटे आहेत म्हणून परदेशातले बीएक्सचे मालक त्याला ऑक्टोपस म्हणतात. तीस-पस्तीस वर्षं इंजिनाची धग खाऊन तो जोड दगडासारखा कडक होतो आणि त्याच्या तोंडाशी चिरा जातात.

माझ्याकडं सुरुवात झाली ती पोर्चमधल्या फरशीवरच्या हिरव्या डागांनी. हिरवा डाग बघून लगेच घाबरू नये, कारण बऱ्याच गाड्यांचं कूलंटही हिरवंच असतं. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक थेंब घ्या. कूलंट असेल तर कागद ओला होतो आणि वाळतो. सस्पेन्शनचं तेल असेल तर कागद पारदर्शक होतो आणि दुसऱ्या दिवशीही तसाच राहतो. माझा कागद दुसऱ्या दिवशी उजेडात धरला तर पलीकडची अक्षरं दिसत होती.

या तेलाला एलएचएम म्हणतात. ते खनिज तेल आहे. हे वाक्य जाड अक्षरांत लिहावं असं मला वाटतं, कारण आपल्याकडच्या गॅरेजमध्ये 'ब्रेकला जातं ते ब्रेक ऑईल' हा हिशेब पक्का असतो. बीएक्सचे ब्रेक याच तेलावर चालतात, म्हणून टाकीत डॉट-३, म्हणजे नेहमीचं ब्रेक ऑईल, ओतायला कुणाचाही हात पुढं येतो. डॉट-३ वेगळ्याच जातीचं द्रव आहे. एलएचएमसाठी बनवलेली सिलं त्यात फुगतात आणि खराब होतात, मग पंपापासून मागच्या सिलिंडरपर्यंत सगळं खोलावं लागतं. १९६६ च्या आधीच्या सिट्रोएनमध्ये लाल रंगाचं वेगळं तेल होतं, त्याची सिलंही वेगळी. हिरवं तेल आल्यावर कंपनीनं सुटे भागही हिरवे रंगवले ते याचसाठी, की गल्लत होऊ नये. मी टाकीच्या झाकणावर मराठीत मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवली आहे: 'ब्रेक ऑईल घालू नये'. मुंबईहून मागवलेला एलएचएमचा एक डबा डिकीत कायम असतो.

गळती बारीक असली तरी ती अंगावर काढू नये. या गाडीत सस्पेन्शन, स्टीअरिंग आणि ब्रेक यांचं तेल एकच. प्रेशर पडलं तर पुढच्या ब्रेकना आधी तेल मिळावं म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह आहे, पण टाकीच रिकामी झाली तर तो व्हॉल्व्ह तरी काय करणार? मागचे ब्रेक तर मागच्या सस्पेन्शनच्या प्रेशरवरच चालतात.

पहिला प्रश्न गळती कुठली हा. इथं घाई करू नये. थेंब जिथं पडतो तिथं गळती क्वचितच असते. तेल पाईपावरून, वायरीवरून, सबफ्रेमच्या कडेनं प्रवास करत सगळ्यात खालच्या टोकाला येऊन टपकतं. मी पुढचा सगळा भाग रॉकेल आणि ब्रशनं धुतला, हवेनं वाळवला आणि त्यावर टाल्कम पावडर भुरभुरली. मग रंकाळ्याला एक फेरी मारून आलो आणि टॉर्च घेऊन खाली वाकलो. पांढऱ्या पावडरीवर हिरवी ओली रेघ लपत नाही.

आणखी एक खूण सांगतो. प्रेशरच्या लाईनला भोक असेल तर इंजिन चालू असताना तेल फवाऱ्यासारखं उडतं आणि टाकी भराभर खाली जाते. रिटर्नची गळती उलट वागते. इंजिन बंद करून दांडी खाली केली, गाडी बसायला लागली, की चारही सिलिंडरमधलं तेल एकदम परत निघतं, आणि त्या मिनिटभरात गळती सगळ्यात जास्त दिसते. माझ्या गाडीचं नेमकं तसंच होतं. गाडी खाली बसताना ऑक्टोपसच्या दोन फाट्यांच्या तोंडातून तेल पाझरत होतं, आणि पुढच्या डाव्या स्ट्रटच्या (चाकाच्या सस्पेन्शनच्या उभ्या खांबाच्या) वरच्या टोकाचा पाईप बोटानं वाकवला तर तुकडाच हातात आला. एकाची ही अवस्था म्हणजे बाकीचेही त्याच वयाचे. सगळेच बदलायचे ठरवलं.

नवा ऑक्टोपस परदेशातून मागवता येतो, पण टपाल आणि कस्टम्स धरून ती किंमत मला पटेना. आणि खरं सांगायचं तर आपल्या गावात असलं काम करणारे हात असताना बाहेरून का आणायचं, असंही मनात होतं. शिवाजी उद्यमनगरात ऑईल इंजिनाचे सुटे भाग बनवण्यात कितीतरी घरांच्या पिढ्या गेल्यात. कमी प्रेशरचा एक फाटेवाला जोड त्यांना अवघड नाही.

आधी रबराचा प्रश्न सोडवायला हवा होता. शिरोलीकडं जेसीबी आणि ट्रॉलीचे हायड्रॉलिक होज क्रिम्प करून देणारी दुकानं आहेत. तिथला पोरगा म्हणाला, "दादा, तारेचा होज टाका, जन्मात फुटणार न्हाई." तारेचा होज चांगलाच असतो, पण तो जाड आणि ताठ. रिटर्नला ताकद लागत नाही; पाईप तेलाला टिकला पाहिजे, धगीला टिकला पाहिजे आणि अडचणीच्या जागेत न मुडपता वळला पाहिजे. रिटर्न पाईप कुठं मुडपला तर मागं तेल तुंबतं, रबरी बूट फुग्यासारखा फुगतो आणि जागेवरून निसटतो. मूळ पाईपापेक्षा बारीक भोकाचा पाईप टाकला तरी तेच होतं.

बाजारात जे मिळालं त्याचे तुकडे आणून मी ते जॅमच्या बरणीत एलएचएममध्ये बुडवून ठेवले. पेट्रोलचा काळा नायट्राईल होज, निळा सिलिकॉन होज, रेडिएटरच्या होजचा ईपीडीएम रबराचा तुकडा आणि पारदर्शक पीव्हीसी नळी. बुडवण्याआधी प्रत्येकाची लांबी आणि जाडी व्हर्नियरनं मोजून लिहून ठेवली. बरणी शॉपमधल्या कॉम्प्रेसरजवळ ठेवली, म्हणजे थोडी ऊबही मिळावी. काही आठवड्यांनी ती उघडली.

ईपीडीएमचा तुकडा बघण्यासारखा झाला होता. फुगून जाड, मऊ आणि चिकट; नखानं दाबलं की खड्डा तसाच राहायचा. पाणी आणि कूलंट यांना हे रबर उत्तम, खनिज तेलाला अजिबात चालत नाही. सिलिकॉनही फुगला होता, ईपीडीएमपेक्षा कमी, पण अंगठा आणि तर्जनीत धरून ओढला तर त्याचे तुकडे पडत होते. दिसायला देखणा म्हणून बरेच हौशी लोक सिलिकॉन टाकतात. तेलाच्या कामाला टाकू नये. पीव्हीसी नळीची जाडी फारशी बदलली नव्हती, पण ती पहिल्यापेक्षा ताठ झाली होती, आणि धगीजवळ ती आणखी कडक होत जाणार हे उघड होतं. नायट्राईलचा तुकडा व्हर्नियरवर जवळजवळ तसाच, वाकवला तर तसाच वाकणारा. तेव्हा नायट्राईल. होजवर एसएई जे३० आर६ किंवा आर७ असं छापलेलं असेल तर तो पेट्रोल-डिझेलसाठी बनलेला असतो. जाड परतीच्या लाईनसाठी पॉवर स्टीअरिंगचा रिटर्न होज चांगला. घेताना दुकानातच तुकडा कापून आतला थर बघावा. बाहेरून सगळे काळे सारखेच दिसतात.

माप घेताना जुना पाईप मोजून उपयोग नाही, तो फुगलेला किंवा आक्रसलेला असतो. ज्या लोखंडी नळीवर तो बसायचा ती मोजावी आणि तिच्यापेक्षा साधारण अर्धा मिलीमीटर कमी भोकाचा होज घ्यावा.

ऑक्टोपसच्या जागी पितळेचा ठोकळा करायचं ठरलं. हे काम माझ्या शॉपमधल्या सीएनसीवर करता आलं असतं, पण एकाच नगासाठी प्रोग्रॅम आणि सेटिंग करत बसण्यात अर्थ नव्हता. उद्यमनगरात एक वयस्कर मिस्त्री आहेत, जुन्या बेल्टच्या लेथवर काम करतात. मी जुना जोड त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी तो उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "ह्यो खेकडा कुठनं आणलासा?" मग विचारलं, "आत प्रेशर किती?" काहीच नाही म्हटल्यावर निवांत झाले. पण लगेच पुढचा प्रश्न: "तेल कुठनं येतंय आन् कुठं जातंय त्ये सांगा. सगळी भोकं सारखी चालायची न्हाईत." किती बरोबर बोलले! जिथं सगळं तेल एकत्र होऊन टाकीकडं जातं ते भोक मोठंच हवं, नाहीतर एका फाट्यातलं तेल दुसऱ्या फाट्यात मागं ढकललं जातं.

त्यांचं काम मी शेजारी उभं राहून बघितलं. पितळेच्या चौकोनी बारमधून ठोकळा कापला, मधून एक आरपार भोक घेतलं आणि त्याला दोन्ही बाजूंनी छोटी भोकं आणून मिळवली. आतल्या कडांची बूर त्यांनी एका वाकवलेल्या कानसीनं काढली, मग ठोकळा हवेनं फुंकला, उजेडात धरून प्रत्येक भोकातून बघितलं, आणि पुन्हा एकदा कानस फिरवली. पितळेचा एक बारीक कण जरी सुटला आणि हाईट करेक्टरपर्यंत गेला तरी तिथं खरवड पडते, हे मी सांगितलं होतं. ते त्यांनी मनावर घेतलं होतं. मग निपल, म्हणजे होज चढवायच्या छोट्या नळ्या. प्रत्येक निपलवर दोनच कंगोरे, तेही धारदार न ठेवता पॉलिश पेपरनं मोडलेले, म्हणजे होज चढताना आतून कापला जाऊ नये. आटे पाडून निपल बसवले आणि थ्रेड सीलंट लावलं. टेफ्लॉन टेप मी लावू दिली नाही. तिचे तंतू सुटून तेलात जातात. मजुरी विचारली तर त्यांनी आधी गाडी दाखवायला आणा म्हणून सांगितलं.

मग बसवणं. या गाडीखाली जाण्याआधीची एक गोष्ट जिवाशी आहे. ती स्वतःच्या हायड्रॉलिकवर उंच उभी असते तेव्हा तिच्याखाली हातसुद्धा घालू नये. एखादा पाईप सुटला की ती क्षणात खाली बसते. मी गाडी उंचावर घेतली, चारही जॅकिंग पॉईंटखाली स्टँड दिले, त्यांच्या शेजारी लाकडी ओंडकेही ठेवले. मग इंजिन बंद करून दांडी खाली केली आणि रेग्युलेटरवरचा रिलीज स्क्रू बारा नंबरच्या पान्यानं साधारण एक फेरा सैल केला. फुस्स आवाज आला की प्रेशर उतरलं. हा स्क्रू पूर्ण काढू नये, त्याच्या आत छोटी स्टीलची गोळी असते, ती पडून हरवते.

जुने पाईप ओढून काढायला गेलं तर प्लॅस्टिकचे टी-आकाराचे जोड तुटतात आणि गंजलेल्या बारीक नळ्या वाकतात. ब्लेडनं लांबीच्या दिशेनं चीर देऊन पाईप सालीसारखा उलगडावा. प्रत्येक टोकाला पांढऱ्या कापडाची पट्टी बांधून मार्करनं खूण केली, आणि काढण्याआधी मोबाईलवर भरपूर फोटो घेतले. उघड्या टोकांना माझ्या मुलीच्या दप्तरातल्या जुन्या पेनांची टोपणं घातली. इथल्या हवेत धूळ भरपूर, आणि या सिस्टिमला धुळीएवढा वैरी दुसरा नाही.

नवे होज चढवायला सोपी युक्ती: टोक गरम पाण्यात धरावं आणि आतून एलएचएमचा एक थेंब लावावा. साबण नको, ग्रीस नको. स्क्रूच्या ज्युबिली क्लिपा एवढ्या बारीक होजला कापतात, म्हणून स्प्रिंगच्या क्लिपा घेतल्या. एक्झॉस्टच्या बाजूनं जाणाऱ्या होजवर काचेच्या धाग्याची स्लीव्ह चढवली. पुढचा डावा स्ट्रट, उजवा स्ट्रट, ठोकळा, टाकीकडची लाईन, मग मागची बाजू. मागं काम थोडं, फक्त हात वाकडे करून करावं लागतं.

टाकी उघडलीच होती, म्हणून आतल्या दोन्ही जाळ्या काढून पेट्रोलनं धुतल्या. त्यांच्यावर जुन्या रबराचे काळे कण होते, म्हणजे होज आतूनही झडत होते. हे बघितल्यावर मी सगळं तेल बदललं. पाईप बदलून काळवंडलेलं तेल परत ओतायचं, हे मनाला पटलं नाही.

हवा काढणं या गाडीत सोपं आहे. रिलीज स्क्रू सैल ठेवून इंजिन चालू केलं, पंपाला तेल लागल्याचा आवाज बदलला की स्क्रू आवळला. प्रेशरचा दिवा विझला. स्टँड काढल्यावर दांडी खाली, वर, खाली, वर. सस्पेन्शन स्वतःच हवा टाकीत परत सोडतं, आणि त्यासाठीही हेच रिटर्न पाईप लागतात. पातळी बघायची ती इंजिन चालू ठेवून, गाडी सगळ्यात उंचावर असताना. पिवळा फ्लोट दोन लाल रेघांच्या मध्ये आला पाहिजे.

पहिली मोठी फेरी वाघबीळच्या घाटानं पन्हाळ्याला. मिस्त्री शेजारी बसले होते, ठरल्याप्रमाणं. घाटात वळणावर गाडी आडवी होत नाही याचं त्यांना फार नवल वाटलं. वर पोचल्यावर आम्ही बॉनेट उघडलं आणि ठोकळ्याच्या प्रत्येक तोंडावरून कोरा कागद फिरवला. मग दांडी खाली करून गाडी बसू दिली आणि पुन्हा कागद फिरवला. तो कोरा राहिला. मिस्त्रींनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि मजुरीचा आकडा सांगितला. तो इतका कमी होता की मी वाद घालून वाढवून दिला.

परतीच्या लाईनी सुकल्यावर आता बाकीचं नीट ऐकू येतं. रेग्युलेटर प्रेशर भरून घेताना होणारी टक टक गाडी उभी असताना पूर्वीपेक्षा लवकर लवकर होते असं वाटलं म्हणून प्रत्येक फाटा आळीपाळीनं बाटलीत सोडून बघितला. मागच्या हाईट करेक्टरच्या फाट्यातून बाकीच्यांपेक्षा जास्त तेल येतंय, म्हणजे तो आतून झिजलाय. प्रेशर साठवणारा मुख्य गोळाही गॅस तपासायला काढावा लागेल. मागच्या उजव्या सिलिंडरचा बूट अजून जुनाच आहे. नवा मागवलाय, तो पावसाआधी बसवायचा आहे. उरलेल्या नायट्राईल होजचं वेटोळं आणि चार स्प्रिंगच्या क्लिपा एलएचएमच्या डब्याशेजारी डिकीत ठेवल्यात.